पोहोच

मी अकरा दुकानांची 'आम्ही' आहे.
सकाळी सात दहाला शरणपूर रोडच्या दातांच्या डॉक्टरांची,
साडेआठला सातपूरच्या मिसळवाल्याची,
तर्री मंद गतीत हलवून दाखवते,
दुपारी गंगापूर रोडवरच्या पडद्यांची,
आणि दिवेलागणीला
भांडी बाजारातल्या त्र्यंबकमामा कासारांची 'आम्ही'.
महिना अडीच हजार. त्यातले तीनशे
मामा 'पुढच्या खेपेला' म्हणून ठेवून घेतात.

गल्ल्यावर बसले की मामा अखंड वाजतात,
कॅमेरा समोर आला की पासपोर्टच्या फोटोतले होतात.
म्हणून मी नुसते हात घेते.
ठोक्याचे हात, चिंचेनं घासणारे हात,
आणि नवसागराच्या धुरात
तपेल्याच्या पोटातून कल्हईची पांढरी लाट फिरते, तो क्षण.
तो चालला. एक लाख चाळीस हजार.
"यातले भद्रकालीतले किती?" मामांनी विचारलं.
आकडा उघडला. दोनशे सहा.
"आणि पायरी चढून आले किती?"
त्याचा आकडा ॲपमध्ये नव्हता.
पंचवटीतून एक बाई आल्या होत्या,
झाकणाची मूठ बसवायला. वीस रुपये.

खरं तर दुकानाची पिनच नदीत पडलेली.
नकाशात आम्ही गाडगे महाराज पुलाखाली होतो.
पंधरा दिवस गिऱ्हाईकं काठावरून फोन करत होती,
"पाण्यापर्यंत आलो, आता कुठं वळू?"

मग एका रात्री पावणेदोनला निरोप आला.
यवतमाळकडच्या कुणी रेवती बोंद्रे.
मोडीतून उचललेल्या घंगाळाचा फोटो,
काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं:
सौ. अनसूया ग. खैरनार, नाशिक, ता. ९-५-६७.
'तुमचा व्हिडिओ पाहिला. या बाई कोण, सांगाल का?
परत द्यावंसं वाटतंय.'

मामांनी फोन लांब धरला, मग जवळ,
दोन बोटांनी 'ख' मोठा केला.
त्याच्या पोटाखाली एक गाठ होती, उगाचच घातलेली.
"हा बाबांचा ख."
नंतर बराच वेळ काही नाही.
मग, "एकवीस भांडी होती. मी आठ वर्षांचा, भाता ओढत होतो.
उधारी दिवाळीला फिटली."

माझ्या डोक्यात तोवर तीन भाग कापून तयार.
पहिल्या तीन सेकंदांत नुसता ख,
वर ओळ: 'नाव घालणं, आमच्या आज्यांचं टॅगिंग.'
"मामा, याला तुफान रीच मिळेल."
"म्हणजे काय मिळेल?"
"म्हणजे… पोहोच."
"मग दे की पोहोच."

त्यांची पोहोच वेगळी होती.
ट्रान्सपोर्टच्या पावतीवरची. पोस्टकार्डाच्या तळाशी असायची ती:
माल मिळाला, तुटफूट नाही.
"आणि ते चारचौघांत नको घालू.
घरातल्याच कुणीतरी मोडीत घातलं असणार ना."

मामा सांगत गेले, मी टाइप करत गेले.
'घंगाळ आमच्याच दुकानचं. अक्षर माझ्या वडिलांचं.
अनसूयाबाई गेल्या. मुलगी देवळाली कॅम्पला असते, बहुतेक.
विचारून सांगतो. तोवर तुमच्याकडे असू द्या.
घंगाळाला कल्हई लागत नाही, कुणी सांगितलं तरी करू नका.
कळावे.'
'कळावे'खाली फोननं लाल रेघ मारली.
मी ती राहू दिली.

त्या आठवड्यात मामांच्या पानाची पोहोच
बत्तीस टक्क्यांनी घसरली.
ॲपनं ते मला न विचारता कळवलं, दोनदा.

रविवारी मामा धुतलेला सदरा घालून
देवळाली कॅम्पच्या बसला निघाले.
"दुपारपर्यंत बंद, एवढं नकाशात लिही," म्हणाले.
लिहिलं.
पिन हल्ली बरोबर जागेवर आहे.